पिवळ्या मुठीचा स्क्रूड्रायव्हर

१

"मग काय त्या स्क्रूड्रायव्हरला पाय फुटले?" मी म्हणाले.

"मला काय विचारतेस? तुझं हत्यार, तुझा खिळा, तुझं दुकान. मी तर तुझ्या दुकानात शिंकतेसुद्धा विचारून."

"तूच लपवलायस."

"हो, लपवलाय. उशीखाली घेऊन झोपते. जा, बघ जा."

"बेबी, मी चेष्टा करत नाहीये. टेम्पो उद्या येईल. या खेपेला मिस्त्रीचा तो कॉम्प्युटरचा डबा गेलाच पाहिजे."

"माझ्या दादाचा डबा कुठेही जाणार नाही."

"तुझा दादा माझा नवरा होता."

"आधी माझा दादा होता. तू मागनं आलीस."

हे वाक्य ती मला लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून ऐकवते आहे. बेबी माझी धाकटी नणंद. सत्तरी उलटली तरी नाव बेबीच. लग्न केलं नाही, टेलिफोन ऑफिसात नोकरी केली आणि भावाच्या घरी राहिली. भाऊ गेल्यावर मला वाटलं, ही आता दुसरीकडे कुठे जाईल. तिला वाटलं, मी जाईन. दोघीही जागच्या हललो नाही. आता तिचे हात थरथरतात. चहाचा कप मी तिला अर्धाच भरून देते आणि ती दर वेळी म्हणते, "कंजूस."

"डब्याच्या बुडातून काय झिरपतंय ते बघ," मी म्हणाले. "ते पाणी नाही. आतली बॅटरी फुटलीय, तिचं अॅसिड आहे. आणि तू ते रोज उघड्या हातांनी पुसतेस."

"धूळ बसते म्हणून पुसते."

"फडक्याला भोकं पडली ती दिसली नाहीत तुला? उद्या बोटांना पडतील."

"पडू देत. माझी बोटं आहेत."

आणि ती जाऊन दुकानाच्या कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसली, तिनंच शिवलेल्या फुलाफुलांच्या कव्हराखाली झाकलेल्या त्या डब्यावर हात ठेवून. हात थरथरत होता, त्याबरोबर कव्हरावरची फुलंही थरथरत होती. खिळा मात्र रिकामाच होता.

२

आमच्या घराचा पुढचा भाग म्हणजे दुकान. मागे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि त्यामागे फरशीचं अंगण. दुकान मूळ मिस्त्रीचं. त्याला सगळेच मिस्त्री म्हणायचे, मीही तेच म्हणायची. अहो-जाहो मला कधी जमलं नाही आणि त्यानं कधी मागितलं नाही. तो रेडिओ दुरुस्त करता करता कॉम्प्युटरवर आला. माझी शाळा लवकर सुटली होती. मी त्याच्या शेजारच्या स्टुलावर बसून शिकले. आधी पुस्तकातली चित्रं लावली, मग चित्रांखालची अक्षरं. बघितलं, बिघडवलं, परत बघितलं. मला कुणी शिकवलं असं कुणी म्हणालं तर मी त्याच्याशी भांडेन.

तो दुरुस्तीवाला. कुठलीही वस्तू मेली असं त्याच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. "झोपलीय," म्हणायचा. तो गेल्यावर दुरुस्तीला कुणी येईना. लोक नवं घेतात आणि जुनं पलंगाखाली ढकलतात. मग मी पाटी बदलली: "जुने कॉम्प्युटर नीट खोलून मिळतील." त्या 'नीट'वर बेबी दोन दिवस हसली. पण सगळा धंदा त्या नीटमध्येच आहे. लोकांना काय वाटतं, हातोडा घातला की झालं. जुन्या मॉनिटरच्या काचेत शिसं असतं, बोर्डावर काय काय विष असतं. तांब्यासाठी वायरी जाळणारे महाभाग मी बघितलेत. तो धूर पोरांच्या छातीत जाऊन बसतो आणि यांना सुटं तांबं मिळाल्याचा आनंद. मी तसं करत नाही. आधी बॅटऱ्या काढायच्या आणि अंगणातल्या वाळूच्या बादलीत, एकमेकींना चिकटणार नाहीत अशा पुरायच्या. मग हार्ड डिस्क; ती ज्याची असेल त्याच्या डोळ्यांदेखत तिला ड्रिलनं भोकं पाडायची, म्हणजे त्याचे फोटो, पत्रं, पासवर्ड कुणाच्या हाती लागायला नकोत. मग बोर्ड एका क्रेटमध्ये, वायरी दुसऱ्यात, प्लास्टिक तिसऱ्यात. टेम्पोवाला येतो आणि मोठ्या कारखान्यात नेतो, तिथे ते रीतसर वितळवतात.

मिस्त्रीला हे बघून रडू आलं असतं. मला माहीत आहे.

त्याच्या दोन सवयी सांगून ठेवते. मशीन बंद करताना तो सगळे स्क्रू लावायचा, पण मागच्या डाव्या कोपऱ्यातला एक बाहेर ठेवायचा, डब्याच्या डोक्यावर. "परत उघडायचंच आहे कधीतरी, सगळेच कशाला आवळायचे?" आणि मग स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं डब्यावर हलकेच टक-टक करायचा, मूल झोपलं की आपण थोपटतो तसं.

माझी सवय उलटी. मी उघडते आणि उघडं टाकते. साखरेचा डबा, कपाट, खिडकी, नळ. तो आयुष्यभर माझ्यामागे झाकणं लावत फिरला. "तुझ्यामागे एक माणूस पगारी ठेवायला हवा," म्हणायचा, आणि लावायचा.

कोपऱ्यातला तो डबा त्यानं स्वतः जमवून बनवला होता. दहा मेलेल्या मशीनमधून एक झोपलेलं मशीन, असं बेबी म्हणायची. लाईट गेली तरी बंद पडू नये म्हणून आतच बॅटरी बसवली होती. आणि स्क्रू लावले होते कुठल्याशा जुन्या शिलाई मशीनचे, पितळी, तिरक्या खाचेचे. ते फक्त त्याच्या पिवळ्या मुठीच्या स्क्रूड्रायव्हरनं निघतात, कारण त्याचं टोक त्यानं स्वतः कानशीनं घासून त्या खाचेजोगं केलं होतं. दुसरं काही घातलं की डोकं सोलवटतं. ड्रिल लावून फोडता आला असता तो डबा. पण मी फोडत नाही, मी खोलते. आणि तो तर मिस्त्रीचा.

३

त्याच दिवशी, म्हणजे ज्या दिवशी आमचं भांडण सुरू झालं त्या दिवशी, मी कुठल्याशा ऑफिसातून आलेले कॉम्प्युटर खोलायला घेतले होते. सकाळभर बसून मी त्यांच्या बाजूच्या पट्ट्या काढल्या, पंखे काढले, धूळ झटकली. बाकावर ती सगळी ओळ पोट उघडं टाकून उभी होती. दुपारी जेवलो. जेवताना आम्ही एकमेकींशी बोललो नाही, ताटाशीच बोललो. मग मी दुकानाला आतून कडी घातली आणि आडवी झाले. बेबी पलीकडच्या पलंगावर घोरत होती. घोरते, आणि घोरत नाही म्हणते.

मिस्त्री दुपारी कधी झोपायचा नाही. "तुम्ही झोपता तेव्हा हाताला निवांतपणा मिळतो," म्हणायचा. हे मला झोप लागता लागता का आठवलं, ठाऊक नाही. कदाचित काहीतरी ऐकू आलं असेल.

चहाच्या वेळी दुकानात गेले तर सगळे कॉम्प्युटर बंद होते.

बंद म्हणजे पट्ट्या लावलेले, स्क्रू आवळलेले. ओळीनं, एका रेषेत, शाळेतल्या पोरांसारखे उभे. आणि प्रत्येकाच्या डोक्यावर एक स्क्रू ठेवलेला.

मी वळून बघितलं. कडी घातलेलीच होती. "बेबी!" मी हाक मारली.

ती डोळे चोळत आली. तिनं ती ओळ बघितली, मग माझ्याकडे. "अगं, तू तर खोलायला घेतले होतेस ना?"

"नाटक पुरे."

तिनं दोन्ही हात माझ्यासमोर धरले. ते हात कसे हलतात मी रोज बघते. त्या हातांना बटण लावता येत नाही, स्क्रू कसला लावतील? मी खाली बघितलं. तिनं हात मागे घेतले, आणि मग तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला आवडलं नाही. ती हसत होती. खूप दिवसांनी कुणाचं पत्र आल्यासारखी.

मी परत सगळे खोलले. चहा थंड झाला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी टेम्पोवाला आला तेव्हा पुन्हा सगळे लावलेले होते, आणि या वेळी पंखेही आपापल्या जागी.

"आजी, हे काय?" तो म्हणाला. "खोलायला दिलेले तुम्ही शोरूममधून आणल्यासारखे करून ठेवलेत!"

"पुढच्या खेपेला ने. आज नाही."

"आणि सगळ्यांचा एकेक स्क्रू काढून वर ठेवलाय. हा काय नवस आहे का?"

"तू टेम्पो चालव," मी म्हणाले. "माझे स्क्रू मोजू नकोस."

तो हसत रिकामा गेला. बेबी आतून ऐकत होती. तिला वाटलं ती जिंकली.

४

मी अशा गोष्टींवर विश्वास ठेवणारी बाई नाही. जे घडतं त्याला हात असतो, आणि हाताला माणूस असतो. म्हणून मी माझे सगळे स्क्रूड्रायव्हर पिशवीत भरून दुपारी डोक्याखाली घेऊन झोपले. बेबी म्हणाली, "आता उशीखाली कोण ठेवतंय?" मी पिशवी मानेखाली सरकवली. टोचत होते, पण झोपले.

उठले तेव्हा बोर्डसुद्धा क्रेटमधून निघून डब्यांत जाऊन बसले होते. वायरी दोऱ्यानं बांधलेल्या. तशी गाठ मला येत नाही.

घरात एकच स्क्रूड्रायव्हर माझ्या पिशवीबाहेर होता, आणि तो हरवलेला होता. मी खिळ्याकडे गेले. दुकानात सगळीकडे धूळ असते. माझ्या कामाची धूळ, काळी, चिकट. त्या खिळ्यावर नव्हती. खिळा लख्ख होता. रोज वापरात असलेल्या खिळ्यासारखा.

तरीही मी स्वतःला सांगितलं, वय झालंय. माणूस लावतो आणि विसरतो. मीच लावत असेन झोपेत. इतकी वर्षं ते हात बघितलेत, माझ्या हातांनी शिकून घेतलं असेल. हे मला पटलंसुद्धा. दोन दिवस मी या विचारावर जेवले, झोपले.

मग साखरेचा डबा आला.

सकाळी चहाला साखर काढायला गेले तर झाकण निघेना. मी कधी झाकण घट्ट लावत नाही. नुसतं टेकवून ठेवते, मुंग्या येतात, बेबी ओरडते. आता ते इतकं घट्ट बसलं होतं की माझं मनगट दुखलं. ओट्याच्या कडेवर आपटलं तेव्हा सुटलं. मी मिठाचा बघितला. तोही. डाळीचा, पिठाचा. कपाटाचं दार लावलेलं. खिडकीची खिट्टी सरकवलेली. नळ, जो मी कधी पुरता बंद करत नाही, टिपकत नव्हता.

स्वयंपाकघर इतकं शांत मी कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. मी जमिनीवर बसले. झोपेत चालणारी बाई स्वतःचीच झाकणं स्वतःला उघडणार नाहीत इतकी घट्ट लावत नाही.

बेबी दारात उभी होती. तिनं केस विंचरले होते, चांगली शाल घेतली होती.

"किती वर्षांनी," ती हळूच म्हणाली, "तुझ्यामागे कुणीतरी झाकणं लावतंय."

"गप्प बस."

"आता तरी कबूल कर."

"काय कबूल करू? साखरेचा डबा घट्ट बसला हे?"

"बसला नाही, वहिनी. बसवला."

मी उठून चहा केला. दोघींनी घेतला. त्या दिवशी मी तिला पुरा कप दिला आणि तिनं अर्धा बशीत सांडला. मी काहीच बोलले नाही, म्हणून ती माझ्याकडे घाबरून बघू लागली.

५

दुसऱ्या दिवशी दुपारी मी झोपले नाही.

बेबीला आत झोपवलं, कडी घातली आणि दुकानात कामाला बसले. मिस्त्रीची वाट बघत बसले नव्हते, हे लिहून ठेवते. काम होतं म्हणून बसले. बाकाला भिंगाचा दिवा लावलेला आहे. गोल भिंग, भोवती उजेडाचं कडं, खाली धरलेली वस्तू मोठी दिसते. बोर्डावरची बटणाएवढी बॅटरी काढायची होती. बोर्ड वाकडा झाला होता, नीट बसत नव्हता. एका हातानं दाबावा तर दुसऱ्या कोपऱ्यात उठे. अशा वेळी मिस्त्री समोरच्या बाजूला बसायचा, बोर्डाची कड धरायचा आणि म्हणायचा, "धरतो मी, तू फिरव." आमचं सगळं लग्न त्या एका वाक्यात होतं म्हटलं तरी चालेल.

बाहेर रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवली. मग तीही थांबली. पंखा बंद होता. मला माझाच श्वास ऐकू येत होता आणि त्याच्या मागे आणखी एक, नाकातून सोडलेला, काम करताना माणूस गुणगुणतो आणि त्याला माहीत नसतं तसा.

मी मान वर केली नाही. स्क्रूड्रायव्हर खाचेत घातला. बोर्ड डगमगला.

आणि थांबला.

भिंगात, पलीकडच्या कडेवर, एक अंगठा होता. मोठा दिसत होता, भिंगामुळे. नखाच्या मधून उभी चीर गेलेली आणि चिरेच्या कडेला काळी रेघ. ती चीर मी बांधली होती. बाकाच्या शिकंज्याच्या जबड्यात अंगठा सापडला होता, लग्नानंतर लगेचच. ती पुढे कधी भरली नाही. अंगठा बोर्डावर टेकला होता, हलका, फक्त धरण्यापुरता. चामडी उन्हात वाळलेल्या मातीसारखी, जशी होती तशी.

मी फिरवलं. बॅटरी सुटली.

मग मी भिंग बाजूला सारून बघितलं. समोर बोर्ड होता, माझा हात होता, बाक होता. एवढंच. बोर्डाची पलीकडची कड मी चाचपली. कोमट होती.

मी तिथेच बसून राहिले. घाबरले का? घाबरले. पण उठून पळावंसं वाटलं नाही. एवढंच वाटलं की त्यानं भिंगात आणखी थोडं थांबायला हवं होतं.

बेबीला मी यातलं काही सांगितलं नाही. तिनंही विचारलं नाही. पण रात्रीच्या जेवणाला मी साखरेचा डबा मुद्दाम उघडा ठेवला आणि तिनं तो बघितला.

६

त्यानंतर मी पिवळ्या मुठीबद्दल विचारणं बंद केलं. सकाळी मी खोलायचे, दुपारी तो लावायचा. काम तसूभरही पुढे सरकत नव्हतं. टेम्पोवाल्याला मी दोनदा परत पाठवलं, तो म्हणाला, "आजी, तुम्ही दुकान चालवताय की म्युझियम?" मी हसले. मला माझ्या हसण्याचा आवाज ओळखीचा वाटला, जुना.

डब्याच्या बुडाखाली मी एक ट्रे सरकवला, अॅसिड साचायला. बेबीच्या हातात रबरी मोजे दिले. तेवढं केलं की झालं, असं स्वतःला सांगितलं. मीच, जी सगळ्यांना दारात उभं करून ऐकवते की धोक्याची वस्तू घरात एक दिवस ठेवू नका.

मग एक लॅपटॉप आला. एक मास्तरीण घेऊन आली, पिशवीत गुंडाळून, लांब धरून. त्याची बॅटरी फुगली होती. कीबोर्ड वर उचलला गेला होता, खाली काहीतरी श्वास घेत असल्यासारखा. अशी बॅटरी म्हणजे झोपलेलं जनावर. टोचली, दाबली, गरम झाली की पेटते आणि पेटली की विझत नाही. मी ती हलक्या हातानं काढली, अंगणात नेली, वेगळ्या बादलीत एकटीच पुरली, वर वाळू घातली. लॅपटॉप उघडाच बाकावर ठेवला आणि जेवायला गेले.

जेवण झाल्यावर बेबी म्हणाली, "मी आज दुकानात पडते जरा. खुर्चीवर."

"का?"

"सहज."

मला ठाऊक होतं सहज का. मला भिंगात जे मिळालं ते तिलाही हवं होतं. मी तिला नाही म्हणू शकले असते. म्हणाले नाही. शाल तिच्या गुडघ्यांवर टाकली आणि आत येऊन आडवी झाले. झोप लागली. लागता लागता दुकानातून आवाज आला, टक-टक. हलकेच, थोपटल्यासारखा. मी झोपेत हसले असेन.

वासानं जागी झाले. गोड, खोबरेल तेल जळल्यासारखा, पण त्यात काहीतरी धातूचं.

दुकानात धूर खांद्यापर्यंत आला होता. बाकावर तो लॅपटॉप होता, बंद केलेला, चारही बाजूंनी आवळलेला, कोपऱ्यातला एक स्क्रू नीट वर ठेवलेला. फुगलेली बॅटरी परत पोटात बसवून, जोर लावून झाकण मिटवलेलं. ते झाकण आता वर येत होतं आणि फटीतून पांढरा धूर शिट्टी घालत निघत होता. बेबी कोपऱ्यातल्या खुर्चीत, मान एका बाजूला, झोपलेली. शालीचं टोक बाकाला लागलं होतं आणि काळं पडत होतं.

मी काय केलं ते मला एका ओळीत आठवत नाही. बेबीला खुर्चीसकट मागे ओढलं. चिमट्यानं लॅपटॉप उचलला. हातात असतानाच त्यातून ज्वाळेची जीभ निघाली, निळी-पांढरी. मी तो धावत अंगणात नेला, फरशीवर टाकला, आणि त्या बादलीतली सगळी वाळू त्यावर ओतली. वाळूखाली तो बराच वेळ फुसफुसत राहिला. बादली उचलताना मला दिसलं होतं, ज्या जागी मी बॅटरी पुरली होती तिथे वाळू सारखी केलेली होती. हातानं थोपटून.

मागे दुकानाचं दार, जे मी धावताना उघडं टाकलं होतं, हळूच लागलं.

७

बेबीला मी अंगणात बसवलं. तोंड धुतलं, पाणी पाजलं. ती खोकत होती. शालीचं जळकं टोक हातात धरून बसली होती.

"मी त्याचा डबा आज खोलणार," मी म्हणाले.

"नाही."

"बेबी, तू मेली असतीस."

"दादा मला जाळेल?" तिचा आवाज फाटला. "मला? मला सायकलवर पुढे बसवून शाळेत सोडायचा तो. पाय चाकात जाईल म्हणून फडक्यानं बांधायचा."

"त्याला ठाऊक नाही गं. त्याच्या वेळी बॅटऱ्या अशा फुगत नव्हत्या. त्याला एवढंच दिसतं की काहीतरी उघडं पडलंय, माझ्या हातून. तो लावून ठेवतो. जन्मभर ठेवत आला." मी तिच्याशेजारी फरशीवर बसले. "तो आपल्याला सांभाळतोय, आणि सांभाळता सांभाळता घर पेटवेल. त्याच्या स्वतःच्या डब्यात अशीच एक फुटलेली बसलीय."

"दादा त्या डब्यापायीच इथे राहिलाय. तो खोललास की येणार नाही."

"कदाचित."

"तुला माहितीय की येणार नाही."

"मला काही माहीत नाही. मला एवढंच माहितीय की कुठली वस्तू घरात ठेवायची नाही."

"तुला काय," ती म्हणाली, आणि आता ती भांडत होती, जुन्या बेबीसारखी, "तुला खोलायला आवडतं. जन्मभर तेच केलंस. तो गेला की मागे कोण उरेल? मी, थरथरणारी. आणि तू, सगळं सताड उघडं टाकणारी."

"मग मी झाकणं लावीन."

"तू?"

"शिकेन. आजवर सगळं असंच शिकले."

ती हसली की रडली मला कळलं नाही. नाक शालीच्या जळक्या टोकाला पुसलं आणि शी म्हणाली. मग हात पुढे केला. मी तिला उठवलं.

दुकानात धूर विरला होता. बाकावर काळा डाग. खिळा रिकामा. कोपऱ्यात तो डबा, कव्हराखाली. मी कव्हर काढलं. पितळी स्क्रू चमकत होते; मागच्या डाव्या कोपऱ्यातलं भोक रिकामं, आणि डब्याच्या डोक्यावर तो एक, ठेवलेला, कधीपासून ठेवलेला. मी खाली बसले. हात पुढे केला, रिकामा, तळवा वर, पिवळ्या मुठीसाठी. काही झालं नाही. मला स्वतःचीच लाज वाटली. म्हातारी, रिकाम्या दुकानात हात पसरून बसलेली.

"माझं त्यानं कधी ऐकलंय?" मी म्हणाले.

बेबी डब्याच्या पलीकडच्या बाजूला गेली, जिथे धरणारा बसतो. वाकली आणि पत्र्यावर हात ठेवला. तो हात, जो कित्येक वर्षं क्षणभरही थांबला नव्हता, थांबला. बोटं पत्र्यावर सरळ, शांत, जणू त्यांच्यावर दुसरा कुणाचा तरी हात होता. तिनं आपल्या हाताकडे बघितलं, मग माझ्या पसरलेल्या तळव्याकडे, आणि लहान बहीण मोठ्या भावाला सांगते तसं, जराशा हट्टानं, म्हणाली:

"दादा, तो वहिनीच्या हातात दे, आणि तू नुसतं धर."